हुकूमनाम्यानंतरचा न्याय : न्यायमूर्ती रानडे आणि दख्खनचे कर्जदार

दिवाणी दावा जिंकला म्हणजे पैसे हाती पडले, असे न्यायालयाची पायरी न चढलेल्यालाच वाटते. हुकूमनामा मिळाल्यावर त्याच्या बजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते. ऋणकोची मालमत्ता कोठे आणि कोणाच्या नावावर आहे, हे धनकोलाच शोधून द्यावे लागते. मग बेलिफासाठी खेटे घालायचे, जप्तीवरील हरकतींना उत्तरे द्यायची आणि लिलाव पुकारला तरी बोली लावणारा येईलच, याची खात्री नसते. खामगाव-मलकापूरच्या अडत्यापासून मुंबईच्या कारखानदारापर्यंत सर्वांचा हा अनुभव आहे. दुसऱ्या टोकाला ज्याच्या दारात जप्ती येते तो माणूस उभा असतो. मूळ कर्ज किती, फेडले किती आणि व्याज चढले किती, याचा हिशेब त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

हा पेच महाराष्ट्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. तो सोडविण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणारा न्यायाधीश मात्र वेगळ्याच कारणांसाठी लक्षात राहिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की, प्रार्थना समाज, विधवाविवाहाची चळवळ, सामाजिक परिषद आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास आठवतो. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे उच्च न्यायालयात नव्हे, तर कनिष्ठ दिवाणी न्यायालयांत गेली, हे सहसा सांगितले जात नाही. शेतकरी आणि सावकार यांच्यातील हुकूमनामे जेथे होत आणि जेथून त्यांची बजावणी निघे, ती हीच न्यायालये होत.

निफाड ते पुणे

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते व पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले. महादेवाचे प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात झाले. लहानपणी हा मुलगा अबोल आणि काहीसा मंद वाटे. १८५६ मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला आणि हे चित्र पालटले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्याच प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. अतोनात वाचनाने डोळे कायमचे अधू झाले, ते याच काळात. ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे संपादनही त्यांनी या वर्षांत केले.

सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील इंग्रजीचे अध्यापक असा प्रवास करून १८७१ मध्ये ते पुण्यास प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय २९ होते. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या पुणे सार्वजनिक सभेला रानडे यांच्यामुळे अभ्यासू दिशा मिळाली. शेतकऱ्यांच्या सांपत्तिक स्थितीची गावोगाव चौकशी करण्याचे काम सभेने लवकरच हाती घेतले. दिवसा न्यायासनावर बसून कर्जखते पाहायची आणि संध्याकाळी त्याच कर्जखतांमागील अर्थकारणाचा विचार करायचा, असा रानडे यांचा दिनक्रम झाला.

ते पुण्यास आले त्याच सुमारास, १८७२ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका हिंदी प्रकरणात एक निरीक्षण नोंदविले. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होतात, असा त्याचा आशय होता. ते धनकोच्या बाजूचे दुखणे होते. पुण्याच्या न्यायालयात रानडे यांना मात्र दोन्ही बाजू रोज दिसत होत्या.

कर्डे गावातील एक घर

पेशवाईत सावकार नव्हते असे नाही; परंतु थकलेल्या साध्या कर्जासाठी कुणब्याची वडिलार्जित जमीन परस्पर विकून घेण्याची सोय त्यांना नव्हती. वसुलीला गावाची, पंचांची आणि लोकलज्जेची मर्यादा असे. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालये आली, १८५९ चा दिवाणी प्रक्रिया कायदा आला आणि हुकूमनाम्याच्या जोरावर जमीन, घर, गुरे जप्त करता येऊ लागली. कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूदही होती. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनी खते उकरून काढून रयतेला छळू नये, हा त्यामागील हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार कुळाकडून नवे खत लिहून घेई, साचलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि पुढील व्याज त्या फुगलेल्या रकमेवर चालू होई. हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल न करण्याचा निर्बंध, या नव्या खतांच्या साखळीत निरुपयोगी ठरत गेला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले आणि शेतकऱ्याची पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी केली. हातात पैसा नव्हता आणि दारात हुकूमनामे येऊ लागले. न्यायालय तालुक्याच्या गावी, समन्स वाचता न येणारे, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. त्यामुळे रयतेविरुद्धचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित कर्जदाराविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर पाडले. कायद्याच्या दृष्टीने त्याने आपला हक्कच बजावला होता. गावाने त्याला वेगळे उत्तर दिले. सावकारांची शेते कसायची नाहीत, त्यांच्या दुकानांतून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने, धोब्याने, पाणक्याने त्यांचे काम करायचे नाही, असा बहिष्कार पुकारला गेला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांतून हेच घडले. दंगेखोरांचे लक्ष्य ठरलेले होते. कर्जखते आणि हुकूमनामे हिसकावून घ्यायचे व त्यांची होळी करायची. कागद मुकाट्याने देणाऱ्या सावकाराला बहुतेक ठिकाणी इजा झाली नाही. पोलिसांनी एकूण ९५१ जणांना पकडले आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली.

पुण्याच्या न्यायालयात बसलेल्या रानडे यांना या घटनांचा अर्थ लागणे कठीण नव्हते. लोकांचा राग जितका सावकारावर होता, तितकाच सावकाराच्या हाती बजावणीचे बिनशर्त हत्यार देणाऱ्या व्यवस्थेवर होता. सार्वजनिक काकांनी पुढाकार घेऊन १८७६ च्या सुमारास पुण्यात लवाद न्यायालय सुरू केले, तेव्हा रानडे आणि न्यायखात्यातीलच विल्यम वेडरबर्न या दोघांचाही त्या विचाराला पाठिंबा होता. पंचांपुढे दोन्ही बाजूंनी बसावे, हिशेब समोर मांडावा आणि झेपेल असा तोडगा काढावा, म्हणजे वसुलीसाठी घर पाडण्याची वेळ येणार नाही, अशी ती कल्पना होती.

संशयाच्या छायेत

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीने कर्जबाजारीपणाची कारणे तपशिलाने नोंदविली. त्यानंतर १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. १८७८ पासून निघू लागलेल्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रानडे यांनी शेतीच्या प्रश्नावर प्रदीर्घ लेख लिहिले. साध्या कर्जापोटी जमिनीची सक्तीने विक्री करण्याची पद्धत या देशात नवी आहे आणि कसणाऱ्याची जमीन हा इतर जिनसांसारखा विकाऊ माल मानणे चूक आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. सरकारी नोकरीत राहून सरकारी धोरणाची इतकी उघड चिकित्सा करणारे अधिकारी त्या काळी विरळाच होते.

त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उसळले आणि मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. पुण्याच्या सुशिक्षितांकडे सरकार संशयाने पाहू लागले. रानडे यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले आणि तेथे काही काळ त्यांच्या टपालावरही पाळत होती. रानडे यांनी तक्रार केली नाही. ते आपले काम करीत राहिले आणि कालांतराने संशय आपोआप विरला.

याच वर्षी रानडे यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारा कायदा झाला.

मागचा हिशेब उघडणारा कायदा

१ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा लागू झाला. कर्जवसुलीच्या प्रत्येक पायरीवर त्याने काही ना काही बदल केला होता.

सावकाराला थेट न्यायालयात जाता येत नव्हते. प्रथम सरकारने नेमलेल्या सलोखेदारापुढे जाऊन तडजोडीचा प्रयत्न करावा लागे. तडजोड झाली, तर तिला हुकूमनाम्याचे बळ मिळे आणि सावकाराचा दाव्याचा खर्च वाचे. न झाल्यास तसा दाखला घेऊन दावा लावायचा. दाव्यात न्यायाधीशाने शेवटच्या खतावर विसंबून न राहता व्यवहाराच्या प्रारंभापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढायचे आणि अवाजवी व्याज छाटायचे होते. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा न्यायालय देऊ शके. शेतकऱ्याला कर्जापोटी अटक वा कैद करता येत नव्हती. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, तिची साध्या कर्जासाठी जप्ती वा विक्री बंद झाली. याखेरीज लहान दाव्यांसाठी गावमुनसफ, खते नोंदविण्यासाठी गावनिबंधक, पैसे भरल्याची पावती आणि कुळाला हिशेबाचे पुस्तक देण्याची सावकारावरील सक्ती, अशा तरतुदी होत्या.

या कायद्याखालील बऱ्याच निकालांवर अपील नव्हते. चुका सुधारण्यासाठी विशेष न्यायाधीश आणि त्यांचे साहाय्यक यांनी दौरे करून न्यायालयांची तपासणी करावी आणि चुकीचे निकाल स्वतः दुरुस्त करावेत, अशी योजना होती. मुंबईत काही महिने प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून काम केल्यावर १८८१ मध्ये रानडे यांची साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पुणे व सातारा हे जिल्हे त्यांच्याकडे आले.

दौऱ्यावरचे न्यायाधीश

हे काम खुर्चीत बसून होणारे नव्हते. गाड्या जुंपून, डेरे-राहुट्या बरोबर घेऊन तालुक्यातालुक्यांत मुक्काम करायचा. दुय्यम न्यायाधीशांची दप्तरे, सलोखेदारांचे दाखले, गावमुनसफांचे निकाल तपासायचे. एकतर्फी निकाल आढळला, तर प्रतिवादीला खरोखर बोलावले होते काय, हे पाहायचे. खताचा मागचा हिशेब उघडला आहे की नाही आणि हप्ता ठरविताना शेतकऱ्याच्या पिकाचा विचार झाला आहे की नाही, याची खातरजमा करायची. पत्नी रमाबाई अनेकदा या दौऱ्यांत बरोबर असत. त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात या फिरतीच्या संसाराचे चित्र आले आहे.

रमाबाईंशी झालेला विवाह हा रानडे यांच्या आयुष्यातील सर्वाधिक टीकेचा विषय. १८७३ मध्ये पहिल्या पत्नी सखूबाई निवर्तल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी विधवेशी विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि ३१ व्या वर्षी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकविले आणि सार्वजनिक कार्यात उभे केले, तरी तो आक्षेप पुसला गेला नाही. घरातील वडील असोत वा न्यायालयातील दोन पक्ष असोत, संघर्ष तुटेपर्यंत न ताणता मधला मार्ग शोधण्याचा त्यांचा स्वभाव होता. समाजकारणात हा स्वभाव त्यांची उणीव ठरला. सावकार आणि कुळ यांच्यातील वादात मात्र तोच उपयोगी पडला.

१८८४ मध्ये ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये मुंबई कायदेमंडळात आणि १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या वित्त समितीत त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांच्या जागी रानडे आले. १८९३ पर्यंत चारही जिल्ह्यांतील कर्जाच्या दाव्यांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

पत बुडाली तर?

रानडे यांना सावकारांचा शत्रू मानणे चुकीचे ठरेल. बियाण्याला, बैलाला आणि सारा भरायला लागणारा पैसा गावात दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हता, हे ते जाणून होते. धनकोला आपला पैसा परत मिळेल याची खात्री नसेल, तर तो एक तर देणार नाही किंवा त्या जोखमीची भरपाई चढ्या व्याजातून करील. हुकूमनामा बजावता येत नसेल तर प्रामाणिक कर्जदाराचीही पत बुडते. म्हणून वसुलीचा मार्ग बंद करणे हा उपाय त्यांना मान्य नव्हता. वसुलीला माणसाच्या कुवतीची आणि खऱ्या हिशेबाची मर्यादा घालावी आणि त्याच वेळी कमी व्याजाचा दुसरा पतपुरवठा उभा करावा, असे त्यांचे दुहेरी सूत्र होते.

वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, तेव्हा रानडे तिच्या बाजूने उभे राहिले. जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत, बँकेने माफक व्याजाने नवे कर्ज द्यावे आणि तिची थकबाकी सरकारी यंत्रणेमार्फत वसूल व्हावी, अशी ती योजना होती. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी ती नाकारली. जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याची फेरमांडणी कशी करावी, यावर रानडे यांनी पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी निबंध लिहिला. युरोपातील देशांनी जमीनतारण बँका काढून शेतकऱ्याला महाजनाच्या पाशातून कसे सोडविले, याचा त्यात धांडोळा होता. त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा या देशात १९०४ मध्ये झाला; तो पाहायला ते हयात नव्हते.

पळवाटा आणि धडे

कायद्याच्या अंमलबजावणीची चौकशी १८९१-९२ मध्ये एका आयोगाने केली. शेतकऱ्याची कैद थांबली होती, एकतर्फी निकालांना आळा बसला होता, अवाजवी व्याज छाटले जात होते. पण सावकारानेही नवे मार्ग शोधले होते. साध्या खतावर जमीन जप्त होत नाही, म्हणून तो गहाणखत मागू लागला. गहाणखताचा हिशेब न्यायालय उघडते, म्हणून तो थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी असे आणि तोंडी वचनाला न्यायालयात किंमत नसे. मर्यादेत राहून वसुली करू पाहणाऱ्या कायद्याने कर्जदाराची जमीन वाचवायची, तर ती कर्ज घेण्याच्या क्षणीच त्याच्या नावावरून जाऊ लागली होती. अखेर १९०७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा खरेदीखतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना देण्यात आला. सलोखेदारांची पद्धत औपचारिक बनत गेली आणि १९१२ मध्ये ती बंद झाली.

या अपयशाचा काही वाटा रानडे यांच्या पिढीच्या विश्वासाकडेही जातो. चांगला कायदा आणि सावध न्यायाधीश असला की व्यवहार सुधारतो, असे त्यांना वाटे. ज्याला उद्या पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जायचे आहे, तो कर्जदार आज त्याच्याविरुद्ध साक्ष देणार नाही, ही अडचण कायद्याने सुटणारी नव्हती. दुसरा ओटा उपलब्ध होणे हाच तिच्यावरचा उपाय होता आणि रानडे ज्या बँकेसाठी झगडले ती बँक झालीच नव्हती.

वऱ्हाडच्या सीमेपलीकडे

रानडे ज्या कायद्यावर देखरेख करीत होते, तो बुलडाणा जिल्ह्याला लागू नव्हता. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, तरी त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. मुंबई इलाख्याशी त्याचा संबंध नव्हता. कापसाची लाट मात्र सीमा मानणारी नव्हती. खामगावची कापसाची पेठ इतकी भरभराटली, की १८७० मध्ये तेथपर्यंतची रेल्वे सुरू करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कापसाबरोबर आगाऊ रक्कम आली, तिच्याबरोबर कर्जखत आणि कर्जखताबरोबर दिवाणी दावा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा १९३९ मध्ये झाला, तेव्हा दख्खनचा कायदा होऊन साठ वर्षे लोटली होती.

सावकारीचे प्रश्न त्यानंतरही या जिल्ह्यात धगधगत राहिले. बुलडाणा जिल्ह्यातील सावकारीविरुद्धच्या एका तक्रारीची पोलिसांनी दखल घेण्यात राजकीय हस्तक्षेप झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला १० लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन, तिचे खरेदीखत झालेले असले तरी, चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना दिला. खरेदीखताच्या आड लपलेले गहाण ओळखण्याची ही कल्पना १९०७ च्या दुरुस्तीतलीच आहे. रानडे यांच्या काळातील न्यायालयांनी ज्या पळवाटेचा माग काढला, तिच्यावर शतकभरानंतरही कायदा करावा लागला.

दुसऱ्या टोकाचे दुखणेही तसेच आहे. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. २०२५ मध्ये देशभरातील उच्च न्यायालयांकडून आकडे मागविले, तेव्हा आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे आणि त्यांत महाराष्ट्र आघाडीवर असल्याचे उघड झाले. फेडण्याची ऐपत नसलेल्याला केवळ कर्ज थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. त्याचबरोबर ऐपत असून टाळणाऱ्याला कायदा आजही संरक्षण देत नाही. न देऊ शकणारा आणि न देणारा यांच्यात फरक करणे हे बजावणी न्यायालयाचे खरे काम आहे आणि त्यासाठी ऋणकोचा हिशेब उघडावा लागतो.

अखेरची वर्षे

न्या. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. बावीस वर्षांपूर्वी पुण्यात सुरू झालेली दुय्यम न्यायालयांतील वाटचाल तेथे संपली. मुंबईत हिंदू कायद्यावरील त्यांच्या निकालांना मान मिळाला. सामाजिक परिषदेचे काम, अर्थशास्त्रावरील व्याख्याने आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन या काळात चालू राहिले. तो इतिहास १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. हृदयविकाराने १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. १९४३ मध्ये त्यांच्या १०१ व्या जयंतीदिनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात त्यांच्यावर व्याख्यान दिले. या सर्व गौरवात चार जिल्ह्यांतील धुळीच्या रस्त्यांवरून फिरून जुनी खते तपासणारा न्यायाधीश काहीसा मागे पडला. पन्नास रुपयांच्या मुद्दलाचे दोनशे रुपये कसे झाले, हे शोधण्यात कोणाला कीर्ती मिळत नाही. बजावणीसाठी आलेल्या कागदावरील आकडा खरा आहे काय, हा प्रश्न न्यायाधीशाने स्वतःहून विचारावा, ही शिस्त मात्र त्या फिरतीच्या वर्षांत दख्खनच्या न्यायालयांना लागली. तिच्यामुळे काही घरे पाडली गेली नाहीत आणि काही सावकारांना दावा न लढवता हप्त्याहप्त्याने आपले पैसे परत मिळाले.